कथेतली भोकं

शुक्रवारच्या पुरवणीत मी लिहिलं होतं:
एकशे बारा मिनिटं, सत्त्याण्णव मुडदे,
आणि एकालाही आई नाही.
नायकाच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत,
संवाद मात्र चौथ्या मिनिटाला संपतात.
कथेला इतकी भोकं,
की पीठ चाळून घ्यावं.
एक तारा. तोही कॅमेरामनच्या कष्टांकडे बघून.

रविवारी कत्वेतल्या व्हिडिओ हॉलच्या पत्र्यावर
माझं कात्रण चिकटवलेलं होतं.
खाली खडूनं: नान्सुबुगाबाईंना आज फुकट.

गेले. हजार शिलिंग वाचवायला नव्हे,
भांडायला.

फळीच्या बाकावर माझ्या डावीकडे किगोंगो,
जुन्या गाड्यांचे आरसे विकणारा, कोपरापर्यंत ग्रीस;
उजवीकडे अंडं गुंडाळलेली चपाती
आणि ती खाणारं एक पोरगं, ज्याचे पाय जमिनीला पोचत नव्हते.
पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत व्हीजे लुबोवा,
माईकला रुमाल बांधलेला, घसा आधीच बसलेला.

सिनेमा कुठल्याशा थंड देशातला.
हॉलमध्ये ती भाषा एकट्या मला येत होती,
आणि तेच माझं नुकसान.

पडद्यावर खलनायक म्हणाला, “ट्रक आणा.”
लुबोवा म्हणाला, “हाच तो!
ओविनोच्या बाजारातला तुमचा गाळा
याच्याच मेव्हण्यानं गिळला.”
नव्वद माणसं एका आवाजात गुरगुरली.
नायक नुसता खिडकीबाहेर बघत होता. लुबोवा म्हणाला,
“बघा, भाडं थकलंय, पण सांगतोय का कुणाला?”
आणि मग गोळीबार.
तिसरा जो जिन्यावरून कोसळला,
मी ज्याला आकड्यात घातलं होतं,
त्याच्यापाशी लुबोवाचा आवाज खाली आला.
“हा वाईट नव्हता हो. मसाकाचा पोरगा.
नोकरी आहे असं सांगून आणलेला.
आईनं दारात दोनदा हाक मारली होती.”

मी वही मिटली. नाही, खोटं कशाला बोलू,
मिटली नाही, पेन हरवलं होतं.

मी किगोंगोला म्हटलं, “हे सिनेमात नाहीच मुळी.
ही भोकं बुजवणं झालं.”
तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला,
“भोकं नसती तर आम्ही शिरलो असतो कुठून?”

हे वाक्य मला सुचायला हवं होतं.
राग आला.

मग पुलावरच्या मारामारीत वीज गेली.
हॉल मिट्ट. कुणी उठलं नाही.
काळोखात लुबोवा चालूच, आता माईकशिवाय,
तोंडानंच धडाके, तोंडानंच हेलिकॉप्टर;
नायकाला पुलावरून त्यानं तळ्यात टाकलं,
मासेमारीच्या होडीत चढवलं,
होडीवाल्या म्हातारीशी मासळीच्या भावावर वाद घालायला लावला.
तेवढ्यात जनरेटर खोकत सुरू झाला
आणि पडद्यावर नायक अजून पुलावरच,
कोरडा ठणठणीत, केसाला धक्का नाही.

“खोटं!” मागून कुणीतरी ओरडलं.
“म्हातारी कुठाय?”
“असं कसं कुणी दिग्दर्शन करतं!”
चपातीचा कागद पडद्यावर आपटला.
एवढं कडक परीक्षण मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

तारा मी बदललेला नाही.
सिनेमा टुकारच आहे; परत पाहून सांगते.

पण पुढच्या रविवारी दाराशी उभी होते तेव्हा
खेळाआधी लुबोवा माझंच कात्रण वाचत होता,
लुगांडात, त्याच्या पद्धतीनं.
पहिल्या परिच्छेदात मी दार लाथेनं उघडलं.
दुसऱ्यात निर्मात्याला गच्चीपर्यंत पळवलं.
तिसऱ्यात, कॉलर धरून,
सत्त्याण्णव आयांची नावं एकेक करून विचारली.

एवढं मी लिहिलं नव्हतं.
लिहायला हवं होतं की काय, कोण जाणे.

लुबोवा पाणी प्यायला थांबला,
आणि पाय न पोचणारं ते पोरगं
बाकावर उभं राहून ओरडलं:
“मग? बाईंनी सोडलं का त्याला?”